पुढची बाजू विमलची

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्रोशाचा टॉप विणत होते. तिचा मुलगा नितीन म्हणाला, "काकू, आई गेली. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही." मी "बरं, येते" म्हणाले आणि हातातली ओळ पूर्ण केली. ओळ मध्येच सोडली की टाके चुकतात. मग चपला घातल्या. नंतर बायकांनी विचारलं, रडू नाही आलं? नाही आलं. अजूनही आलेलं नाही.

विमल माझी धाकटी जाऊ. ती सिडकोत राहायची, मी पंचवटीत. माझी शाळा चौथीपर्यंत, पण विणकाम तिला मीच शिकवलं. नाशिकला थंडी पडते म्हणून स्वेटर विणायचे, एवढंच मला माहीत. एका मार्चात ती सुती दोऱ्याचे गुंडे घेऊन आली, पिस्ता रंगाचे, आमरसी रंगाचे. "ताई, कॉलेजच्या मुलींसाठी उन्हाळी टॉप करायचे. जाळीदार. फॅशन आहे." मोबाइलवरचं चित्र बघून मी म्हणाले, "अगं, यात भोकंच जास्त. लोकांना भोकं विकणार का?" ती म्हणाली, "भोकांतून वारा येतो, ताई. तोच विकायचाय."

पहिल्याच टॉपला घोळ झाला. लवकर व्हावा म्हणून पुढची बाजू तिने घेतली, पाठ मी. सुई एकाच नंबरची, दोरा एकाच गुंड्याचा. पण माझा हात घट्ट, तिचा सैल. जोडल्यावर पाठ चार बोटं आखूड निघाली. टॉप घ्यायला आलेली मुलगी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "मावशी, हा मला मागे ओढतोय." विमल हसून हसून खालीच बसली. "ताई, तुमच्या हातात दोरासुद्धा अंग चोरून बसतो!" तेव्हापासून एका कपड्याला एकच हात, असं ठरलं. ते आम्ही कधी मोडलं नाही...

मी स्वतः मात्र पॉलिस्टरच्या पोलक्यात घामाने भिजायचे. ती पाठीच लागायची. "लोकांना गारवा विकता आणि स्वतः उकडता. तुम्हाला एक सुती पोलकं विणते."

"या वयात जाळीतून पाठ दाखवू?"

"अस्तर लावते ना."

"नको म्हटलं ना, विमल."

तिने हातातला टॉप पुढे विणायला घेतला. मला वाटलं, विषय संपला.

तेराव्यानंतर नितीनची बायको सोनाली एक पिशवी घेऊन आली. आत पांढऱ्या दोऱ्याच्या पोलक्याची पुढची बाजू होती, बटणपट्टीसकट, सुई अजून शेवटच्या टाक्यात. खाली माझं एक जुनं पोलकं. होळीच्या सुमारास ते दोरीवरून नाहीसं झालं होतं आणि मी शेजारणीवर संशय घेतला होता. मापाला नेलं होतं बयेने.

सोनाली म्हणाली, "काकू, तुमचा दोघींचा हात जमत नाही ना? मग हे उसवा आणि तुम्हीच सगळं नव्याने विणा. दोरा चांगला आहे." बरोबरच होतं तिचं. आमच्या रीतीने तेच करायला हवं होतं. मी सुई काढली. टाका मोकळा झाला. दोरा ओढला असता तर चहा होईपर्यंत सगळं उसवलं असतं. सोनाली चहा करून घेऊन आली, तरी मी तशीच बसले होते... मग टाका पुन्हा सुईवर घेतला, गाठ मारली आणि दोरा तोडला.

पाठ मी विणली. हात सैल सोडायचा प्रयत्न केला, सुटला नाही. ओली करून ताणली, गादीखाली दाबून ठेवली, तरी आखूडच राहिली. तशीच जोडली. अस्तर लावलं नाही.

आता मे चाललाय. ते पोलकं मी घालते. वारा लागतो, हे तिचं खरं होतं. दोरीवर कपडे टाकायला हात वर केले की ते मागे ओढतं.