आत्याचा सर्व्हर

घाटंजीच्या माझ्या आत्याइतकं बिनचूक टायपिंग करणारं माणूस पृथ्वीतलावर झालं नाही, आणि नेमकं त्यामुळेच तिचा सर्व्हर तीन दिवस सुरू होत नव्हता.

आत्या सरकारी ऑफिसात टायपिस्ट होती. यंत्राकडे न बघता, समोरच्या अर्जदाराच्या सुनेची विचारपूस करत ती पानंच्या पानं संपवायची. अर्जातले धुरा, वावर, पऱ्हाटी हे शब्द साहेब खोडत आणि वर बांध, शेतजमीन, कापूस पीक लिहीत. खोडलेले शब्द आत्या आणि शेजारच्या टेबलावरच्या नसीमबाई एका वहीत जमवत. पुढे नसीमबाई लेकीकडे आदिलाबादला गेल्या आणि आत्याने ठरवलं, ही वही वेबसाईटवर चढवायची, तीही स्वतःच्या हाताने. "व्हॉट्सॲपवर टाकलं का लोक अंगठा दाखवतेत अन् मोकळे होतेत," ती म्हणाली.

त्यासाठी तिने कुठलंसं दूरचं मशीन, म्हणजे सर्व्हर, भाड्याने घेतलं, एका पुस्तकावरून कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत कमांड लिहायला शिकली, आणि अडल्यावर मला यवतमाळहून बोलावलं. मी वनस्पतीशास्त्र शिकवतो. आत्या म्हणाली, "सायन्सच आहे ना थे?"

ती लिही, मशीन नाही म्हणे. तो नकार आत्या आवक क्रमांक टाकून कागदावर उतरवून घेई. मला काडीचं कळत नव्हतं. "बंद करून सुरू करू," मी म्हणालो. पण मशीन कुठल्या देशात आहे हेच ठाऊक नव्हतं, म्हणून मी घरातला राउटर बंद केला. मग तर मशीन नाहीसुद्धा म्हणेना.

"मले काहून नाही म्हणून राह्यलं हे? म्या याचं काय घोडं मारलं?"

तिसऱ्या दिवशी मी पुस्तकातली ओळ आणि तिची ओळ अक्षरागणिक ताडून पाहिली. तिचं पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी ठसठशीत टिंब.

"आत्या, हे टिंब कायले?"

"वाक्य संपलं ना! अर्धवट सोडू काय?"

पहिलं अक्षर लहान केलं, टिंब तिने जड हाताने काढलं. मशीन काहीच बोललं नाही. त्या गप्पपणाने आम्ही जास्तच घाबरलो. शेवटी मोबाईलवर वेबसाईट उघडून पाहिली, तर सर्व्हर सुरू झाला होता!

संध्याकाळपर्यंत वही चढली. आदिलाबादहून फोनवर नसीमबाई वेबसाईटवरचा एकेक शब्द मोठ्याने वाचू लागल्या. 'धुरा'पाशी थांबल्या.

"याद है क्या? धुऱ्यासाठी भांडत आलेले थे दोघं भाऊ? जाताना संगंच चहा पिऊन गेलते."

"हो ना बाई."

"असतीन काय आता?"

आत्याने स्क्रीनवर 'धुरा'वरचं बोट खालच्या शब्दावर सरकवलं. मग हळूच म्हणाली, "वाच. पुढचा वाच."