काकांच्या हातातली बाटली

वाढवून सांगितलेली गोष्ट आमच्या शेजारच्या काकूंना खपत नसे. लग्नात हजार पानं उठली, असं कुणी म्हटलं की त्या लगेच विचारायच्या, "पत्रावळ्या तू उचलल्या का गा?" मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवापूरहून आमच्या जरीपटका वस्तीत सून म्हणून आल्या, पण जिभेचा तिखटपणा माहेरचाच राहिला.

काका एका गोदामाचे चौकीदार. गोदामाला आग लागली त्या दिवशी मी रामटेकला होतो, म्हणून पाहिल्यासारखं लिहिणार नाही. पण वाचलेल्या सात हमालांपैकी तिघांशी मी स्वतः बोललो आहे. मागचं दार काकांनी उघडलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि ते आतच राहिले, हे तिघांनीही सांगितलं. काका दारूला शिवत नसत, हे तर गल्लीला माहीतच होतं.

त्या आगीवर सिनेमा निघाला. लिहिणारी मंडळी काकूंकडे दोनदा जेवून गेली. पडद्यावर मात्र चौकीदार पिऊन पडलेला, आणि दार उघडतो गोदाममालकाचा देखणा मुलगा. वर 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी. बाजारात अनोळखी बायका काकूंना विचारू लागल्या, "तुमचे मालक लय पीत होते का वं?"

सिनेमा चालला म्हणून काकूंचा सत्कार ठेवला गेला. दिग्दर्शक शाल घेऊन पुढे आला. काकूंनी हात पुढे केला नाही.

"माह्या माणसाच्या हातात बाटली काहून दिली?"

तो हसला. "काकू, सिनेमात थोडं मीठमिरची लागतंच."

"मिरची मले नको शिकवू. लागन तेवढी टाक. पण मेलेल्या माणसाले दारू पाजून राहिला तू, अन् वरून मलेच शाल?"

संयोजक कानाशी लागला, "घेऊन घ्या ना, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. त्यांच्याचसाठी बोलून राहिली."

बाटली काढा, नाही तर पाटी काढा, एवढीच त्यांची मागणी होती. शेवटपर्यंत त्यांनी ती सोडली नाही, आणि त्या लोकांनी दोन्हींतलं काहीच काढलं नाही.

गेल्या महिन्यात काकू गेल्या. घराची किल्ली आमच्याकडे, म्हणून एका वाहिनीचा वार्ताहर काकांचा फोटो मागायला आला. सिनेमातल्या त्याच प्रसंगाशेजारी त्याला तो दाखवायचा होता.

"काका पीत नव्हते आणि दार त्यांनीच उघडलं, एवढं सांगा. मग न्या फोटो," मी म्हणालो.

"तेवढा वेळ नसतो, दादा."

मी मनगटावरचं घड्याळ त्याच्यासमोर धरलं आणि ते वाक्य सावकाश बोलून दाखवलं. सहा सेकंद लागले. तो कॅमेरा आवरू लागला. मी फोटो दिला नाही.