गोमाजींच्या गाण्यांचं कुलूप

नालवाडीचा अंकुश पोटासाठी दुकानदारांची मोबाइल अ‍ॅप बनवतो. आष्टी तालुक्यातल्या एका गोंड वस्तीसाठी मात्र त्याने एक अ‍ॅप हौसेने केलं होतं. तिथले भुमक, म्हणजे देवाचे पुजारी, गोमाजी थकले होते. देवाची गाणी पुरी येणारे ते एकटेच उरले होते. त्यांची लेक गंगा ती फोनवर भरून घेई. गोमाजींची अट एकच होती, देवाचं गाणं परक्याच्या कानी पडायचं नाही. म्हणून अंकुशने ती इंटरनेटवर ठेवलीच नाहीत, गंगाच्या फोनमध्येच कुलूपबंद केली; कुलपाची किल्लीही त्याच फोनच्या आत, त्याला स्वतःलाही न दिसणारी. कुलपाचं प्लगइन, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार भाग, तिच्या जुन्या फोनवर अडलं, तेव्हा त्याने प्लगइनच्या आतला कोडच हाताने बदलला आणि विसरून गेला.

दिवाळीनंतर गोमाजी वारले.

उन्हाळ्यात प्ले स्टोअरची सूचना आली: अ‍ॅप नव्या अँड्रॉइडला जुळवा, नाहीतर नव्या फोनवर मिळणार नाही. अंकुशने अ‍ॅपचा पाया असलेलं फ्रेमवर्क बदललं. जुनी प्लगइन जुळेनात, म्हणून सगळी पुसून नव्याने उतरवली. त्यात त्याची दुरुस्तीही गेली. तपासलं ते स्वतःच्या, जुनं कुलूप नसलेल्या कोऱ्या फोनवर, तिथे चाललं. गंगाच्या फोनवर अ‍ॅप आपोआप बदललं, त्याला जुनी किल्ली सापडेना, तेव्हा त्याने नवी बनवून जुन्या किल्लीच्या जागी ठेवली. जुनी कायमची गेली.

गाणी उघडत नाहीत असा गंगाचा फोन आला, तेव्हा अंकुश वस्तीवर गेला.

"चांगलं चालून राह्यलं होतं. काऊन हात लावला गा?" गंगाने विचारलं.

"नाई लावला असता, तं नव्या फोनवर चाललं नसतं, ताई."

"माह्याजवळ कुठं आहे नवा फोन?"

अंकुशने तिचा फोन घेऊन अ‍ॅप उघडून पाहिलं.

"बाचा आवाज आहे का आत?"

"आहे. पन कुलूप उघडत नाई."

"तुनंच लावलं नं? मंग उघड."

"मलेबी उघडू नये, असंच लावलं होतं."

गंगाने एक गाणं म्हणून पाहिलं. दुसऱ्याच कडव्यात ती अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडली.

"अ‍ॅप बनोतानी तुनं तं आयकलेच असतीन?"

"एकबी नाई. बाबाले शब्द देल्ला होता. तपासाले मी माह्याच आवाजात आकडे म्हनून पाह्यले."



"चोरून तरी आयकाचं होतं रे बाप्पा," ती म्हणाली.