कढीपत्त्याने मान टाकली तेव्हा

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला अडवणारंही कोणी नाही. तर सांगायचं एवढंच, की मी एक झाड डिक्शनरीच्या मदतीने मारत आणलं.

आई मावसबहिणीच्या लग्नाला साताऱ्याकडे गेली आणि दोह्यातल्या अल मन्सूरा भागातल्या आमच्या फ्लॅटात मी, माझे वडील अण्णा आणि आईचा बाल्कनीतला कढीपत्ता असे तिघे उरलो. गावाहून आणलेल्या बियांतून तिने तो वाढवला होता. निघताना ती मला म्हणाली, "कढीपत्ता सांभाळ. मग वेळ उरला तर अण्णांकडं बघ."

थोड्याच दिवसांत फांद्या खाली झुकल्या. अण्णा एसी दुरुस्त करतात. त्यांनी पानाला हात लावला. "गॅस कमी झालाय." (सगळ्या आजारांवर त्यांचं पहिलं निदान हेच!) मग माझ्याकडे वळले. "लेका, तू कॉलेजात जातोस. याला इंग्रजीत काय म्हणतात बघ. रोगाचं नाव कळलं की औषध कळतं."

मला शब्द सापडला: ड्रूप. आणि मी त्यातच रमलो! मराठीत पान मलूल होतं, खांदे पडतात, पापण्या जडावतात. इंग्रजीत हे सगळं नुसतं ड्रूप होतं. वारा पडला तर झेंडासुद्धा! एका शब्दाला एवढ्या गोष्टी कशा लोंबकळतात, याचा मी कितीतरी वेळ विचार करत बसलो. झाड तोवर आणखी झुकलं. शेवटी उपयोगाचं वाक्य वाचलं: पाण्यावाचून फुलं ड्रूप झाली.

"अण्णा, पाणी कमी पडतंय!"

"कोण म्हणतं?"

"डिक्शनरी."

"मग खलास! घाल पाणी."

मी सकाळी घालायचो. अण्णा ड्यूटीवर निघताना घालायचे. संध्याकाळी दोघंही, एकमेकांना न सांगता. तेव्हा खालच्या बाल्कनीतून रत्नागिरीच्या मावशींचा आवाज आला, "ओ भाऊ, वरचं पाणी थांबवा! माझं नवं रोप बुडतंय इथं!"

गळती म्हटलं की अण्णांना राहवत नाही. त्यांनी कुंडीच्या तळाचं भोक सिलिकॉनने बुजवलं. "आता थेंब गळला तर नाव बदलीन!" थेंब खरंच गळला नाही. सगळं पाणी कुंडीतच राहिलं. झाड आणखी ड्रूप झालं. आम्ही आणखी पाणी घातलं.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. "कढीपत्ता दाखव बघू."

अण्णांनी मला 'थांब' अशी खूण केली. वाण्याकडून आणलेली कढीपत्त्याची जुडी त्यांनी एसीच्या चिकटपट्टीने पटापट झाडावर बांधली. मी फोन लांब धरला.

"जवळ आण की. अहो, याला चिकटपट्टी कुठून फुटली?"

अण्णा म्हणाले, "नवीन जात आहे."

"आणि कुंडीत तळं कुणी केलं?"

मी सगळं सांगून टाकलं. डिक्शनरी, सिलिकॉन, सगळं. आता आई रडणार, म्हणून मी डोळे मिटले. ती हसत होती!

"अरे, मुळं कुजली असतील त्याची! जाऊ दे. त्याचं एक पिल्लू मी निघायच्या आधीच खालच्या मावशींकडं लावून ठेवलंय. छान फुटलंय, रोज फोटो पाठवतात."

"मग हे आमच्याकडं कशाला ठेवलंस?" मी विचारलं.

"मी घरात नाही म्हटल्यावर तुम्हा दोघांना काहीतरी उद्योग नको?"

ही बातमी माझ्यापर्यंत पोचली आणि तो शब्द मला पहिल्यांदा नीट कळला. मान, खांदे, पापण्या, माझं सगळं एकदमच ड्रूप झालं.

अण्णांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि तांब्या उचलला. "लेका, तुलाबी थोडं पाणी घालू का?"