उपाशी ठेवायचा गहू

शेतीच्या संशोधनात आकडे वर्षातून एकदाच हाती येतात, कापणीला. किस्से मात्र बारमाही पीक आहे. त्यांना ना पेरणी लागते, ना खत. तीन हंगामांत माझ्याकडे आकड्यांपेक्षा किस्सेच जास्त जमले आहेत, आणि हे मी अभिमानाने सांगत नाही.

आधी मंडळींची ओळख करून देते. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात विद्यापीठाचं प्रयोगक्षेत्र आहे. तिथल्या गव्हाला नत्र केव्हा आणि किती द्यावं, या विषयावर मी पीएचडी करते आहे. मी मूळची लातूरची. मार्था आमच्या प्रोफेसर. नील माझा लॅबमेट. त्याचा जन्म इथलाच, फ्रीमाँटचा, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. आणि नीलचे आईवडील, म्हणजे काका-काकू. त्यांचा विद्यापीठाशी काही संबंध नाही. आमच्या प्रयोगाशी मात्र नको तेवढा आहे!

आणखी एक पात्र राहिलं. शेतातले काही प्लॉट असे असतात की त्यांना खताचा कणही द्यायचा नाही. जमीन स्वतःहून पिकाला किती देते, ते त्यांच्यावरूनच कळतं. त्यांच्या पाटीवर नुसतं शून्य लिहिलेलं असतं. हे शून्य बिघडलं, तर बाकीच्या आकड्यांची तुलना कशाशी करायची? माझा पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामात रानहंसांचा थवा उतरला आणि कोवळा गहू मुळासकट खाऊन गेला. हा तिसरा हंगाम शेवटचा. प्रयोगाचा निधी याच हंगामापुरता आहे, आणि माझं इथलं राहणंही जवळपास त्यावरच अवलंबून आहे.

* * *

पहिल्या हिवाळ्यात मी आईला उत्साहाने फोन केला, “आई, गव्हावर छान पाऊस पडला!”

तिने हळू आवाजात विचारलं, “किती नुकसान झालं गं?”

आमच्याकडे उभ्या गव्हावर पाऊस म्हणजे अवकाळी, म्हणजे संकट. मी तिला सविस्तर समजावलं, की इथलं हवामान भूमध्य समुद्राकाठच्या देशांसारखं आहे. पाऊस सगळा हिवाळ्यात येतो, उन्हाळा ठणठणीत कोरडा जातो, आणि गहू त्या हिवाळी पावसावरच वाढतो.

आईने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, “म्हणजे पावसाळा हिवाळ्यात आणि उन्हाळा उन्हाळ्यात. चला, एक तरी गोष्ट जागच्या जागी ठेवली म्हणायची!”

* * *

गहू फुटव्यांवर आला की वरखत म्हणून युरिया द्यायचा. यात एक पेच आहे. युरिया फेकल्यावर लवकरच बेताचा पाऊस यावा लागतो. नाही आला, तर त्यातलं बरंचसं नत्र हवेत उडून जातं. फार आला, तर जमिनीखाली वाहून जातं. त्यामुळे फेब्रुवारीत लॅबमधला प्रत्येक जण फोनमध्ये हवामान बघत बसतो, आणि प्रत्येकाच्या फोनमधलं हवामान वेगळं असतं.

नीलने एक निरीक्षण मांडलं. फ्रीमाँटच्या मराठी मंडळाची पिकनिक काका ठरवतात, आणि ज्या दिवशी ठरवतात त्या दिवशी पाऊस येतोच. मी म्हटलं, अशा योगायोगावरून निष्कर्ष काढता येत नाही. मार्थांनी मात्र चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “पिकनिक कधी आहे?”

“शनिवारी.”

फोनमधला अंदाजही योगायोगाने तेच सांगत होता. शुक्रवारी आम्ही युरिया दिला. शनिवारी आभाळ निरभ्र! थेंब नाही. रविवारी शेवटी स्प्रिंकलर लावून खत जमिनीत मुरवावं लागलं.

नीलने काकांना फोन लावला. काका म्हणाले, “अरे यार, यंदा लोक भिजायला कंटाळले, म्हणून आम्ही पार्क कॅन्सल करून हॉल घेतला. तुम्ही आधी सांगायचं ना! पार्कच ठेवलं असतं!”

* * *

मार्थांची शिस्त एका प्रसंगात सांगता येईल. नीलच्या हातून एकदा एका प्लॉटमध्ये कॉफी सांडली. त्याने ते हसत हसत सांगितलं. मार्था हसल्या नाहीत.

“दूध होतं त्यात?”

नीलला वाटलं, गंमत करताहेत.

“दुधात प्रथिनं असतात, नील. प्रथिनांत नत्र असतं. दूध होतं?”

“नो. ब्लॅक.”

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “शेतात काहीही होवो. फक्त सगळ्यांना सारखं होवो.”

हे वाक्य मी तेव्हा नियम म्हणून ऐकलं. अलीकडे ते मला नियमापेक्षा मोठं वाटू लागलं आहे. पण याबाबत अजून ठाम विधान करण्याच्या स्थितीत मी नाही.

* * *

एप्रिलमध्ये शून्य प्लॉट पिवळे पडतात. शेजारी हिरवागार गहू वाऱ्यावर डोलतो आणि मधेच हा फिकट, खुरटा चौकोन. शेतकऱ्यांना प्रयोग दाखवण्याच्या दिवशी एक वयस्कर शेतकरी त्या चौकोनापाशी बराच वेळ थांबले. मग मला बाजूला घेऊन कुजबुजले, “माझ्या ट्रकमध्ये अर्धं पोतं खत शिल्लक आहे. कुणाला कळणार नाही.”

दुसऱ्या दिवशी नीलने पाटी लावली: “गव्हाला खाऊ घालू नये.”

त्या पाटीचा फोटो त्याने घरी पाठवला. लगेच काकूंचा फोन. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

“नील, तो पिवळा गहू आजारी आहे का रे?”

“नो आई, दॅट्स द कंट्रोल.”

“कंट्रोल म्हणजे काय?”

“वुई डोन्ट गिव्ह इट एनीथिंग.”

यावर काकू म्हणाल्या, “आणि तुम्ही सगळे तिथे बसून डबे खाता?”

* * *

आता या हिवाळ्यातली गोष्ट.

काकू माहेरच्या औशाच्या, म्हणजे माझ्याच जिल्ह्यातल्या. आमच्याकडे डिसेंबरच्या सुमारास येळवस असते, वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं, काळ्या आईची पूजा करतं, ज्वारीचं पीठ आणि ताक घालून केलेली आंबील पिकावर शिंपडतं, आणि मग तिथेच पंगत बसते. इतकी वर्षं अमेरिकेत राहून काकूंना शेत कुठलं मिळणार? यंदा त्यांना आठवलं, की आपल्या मुलाकडे गहू आहे.

मार्थांनी आनंदाने परवानगी दिली. जेवण शेताबाहेर, ओकच्या झाडाखाली, असं ठरलं. भज्जी म्हणजे पालेभाज्या आणि शेंगांची एकत्र भाजी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर, आणि आंबिलीचं मोठं पातेलं. मी ताटं मांडत होते. काका आणि मार्था गप्पा मारत उभे होते, दोघांच्या हातात आंबिलीचा ग्लास. आणि काकू दिसेनात.

वळून पाहिलं तर त्या वाटी घेऊन शेतातून परत येत होत्या. चेहऱ्यावर समाधान.

“काकू, कुठे शिंपडलीत?”

“घाबरू नकोस. सगळीकडे नाही गं. पाटीवर शून्य होतं ना, त्यांनाच दिली. एकेक वाटी. ज्यांना काहीच मिळत नाही, त्यांना सणाच्या दिवशी तरी नको का?”

ताक. प्रथिनं. नत्र. शून्य प्लॉटमध्ये, आणि फक्त शून्य प्लॉटमध्ये! माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. नील म्हणाला, “ओ माय गॉड, आई.” काकूंना काय चुकलं ते कळेना. हंगामाचं, निधीचं, तुलनेचं मी सांगायला गेले, तर सगळं इंग्रजीतच सुचू लागलं. शेवटी जे शब्द आले, ते माझ्या आजोळचे होते.

“काकू, पंक्तिप्रपंच झाला हो!”

काकूंचा चेहरा उतरला. एकाच पंगतीत एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला वगळायचं, हा ठपका त्या आयुष्यात कधी घेणार नव्हत्या. “अगं बाई!” एवढंच म्हणाल्या, पातेलं कडेवर घेतलं आणि निघाल्या. मागून मी, प्लॉट दाखवत. राहिलेल्या प्रत्येकाला एक वाटी, काठोकाठ, एकसारखी. आंबील झपाट्याने संपत आली. काकांनी ग्लास तोंडाला लावलेला पाहून काकू लांबून ओरडल्या, “अहो, ठेवा तो!” पण तोवर तो रिकामा झाला होता.

शेवटच्या प्लॉटपाशी पातेलं खरवडलं. काही नव्हतं.

मार्था येऊन उभ्या राहिल्या. नीलने त्यांना सगळं सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

“सगळ्यांना किती मिळालं?”

“एकेक वाटी,” मी म्हणाले. “हा एक राहिला.”

त्यांनी आपल्या हातातला ग्लास काकूंपुढे धरला. अजून उष्टा झाला नव्हता. “आणि यात?”

नीलने भाषांतर करायच्या आधीच काकू म्हणाल्या, “वाटीच. मोजून.”

मार्था प्लॉटमध्ये उतरल्या आणि काकूंच्या हाताकडे पाहून पाहून, ओळींमधून जपून पावलं टाकत, सगळी आंबील शिंपडून आल्या. मग रिकामा ग्लास काकूंच्या हातात देत त्यांनी विचारलं,

“आता कुणीतरी मला सांगा, चवीला कशी होती?”