थालीपिठाचं समालोचन

दर दुसऱ्या गुरुवारी पेनरोज उपनगरातल्या डेपोतून एक डिलिव्हरीवाला माझ्या सासऱ्यांसाठी, म्हणजे बाबांसाठी, पातळ फीडचे खोके घेऊन यायचा. स्ट्रोकनंतर बाबांना गिळता येत नव्हतं. पोटात बसवलेल्या नळीतून एक पंपच त्यांना जेवू घालायचा. ऐन थंडीतही हा धिप्पाड माणूस शॉर्ट्सवर. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, दाराबाहेर काढून "किया ओरा, लंच आलं!" असा माओरी नमस्कार ठोकत आत यायचा. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

दारी आलेल्याला उपाशी पाठवतील तर ते बाबा कसले! मला हुकूम सुटायचा, "त्याला थालीपीठ दे." तो खायला लागला की बाबा खुर्ची पुढे ओढून बसायचे. पहिल्या दिवशी तो नुसतं "नाइस" म्हणाला, तर बाबा इंग्रजीत कडाडले, "नाइस काय? नीट सांग!"

तेव्हापासून तो डोळे मिटून, बोटं नाचवत सांगायचा, "आधी कुरकुरीत. मग मऊ. आता कान तापले." बाबा तृप्त होऊन पोटावरून हात फिरवायचे. थापून थापून माझे हात दुखायचे, ते कोणी विचारत नव्हतं.

गेल्या महिन्यात गिळण्याची तपासणी पास झाली आणि दहीभाताची परवानगी मिळाली. बाबा गुरुवारपर्यंत थांबले. दोन वर्षांनंतरचा पहिला घास त्यांनी त्याच्यासमोर घेतला. तो म्हणाला, "आता तुम्ही सांगा."

बाबांनी सावकाश गिळलं, माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "मीठ कमी आहे."

"काय म्हणाले?" त्याने मला विचारलं.

डोळे पुसत मी म्हटलं, "नाइस."

"नाइस काय?" तो कडाडला. "नीट सांग!"