लेकीच्या घरचं जेवण

आधी पोटोबा मग विठोबा, असं लोक म्हणतात. माझं घोडं कित्येक वर्षं पोटोबापाशीच अडलं होतं. खाल्लं की पोट फुगायचं, नाही खाल्लं की जळायचं. कधी दोन-दोन दिवस पोट साफ व्हायचं नाही, तर कधी राष्ट्रगीत संपायची वाट पाहत घामाने भिजायचो. मी मारेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मास्तर. दुपारच्या खिचडीआधी पोरांना हात जोडायला लावायचो, सावकाश चावून खा म्हणून दरडावायचो, आणि स्वतः ऑफिसात उभ्या उभ्या चार घास कोंबून वर तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायचो. पोरांना शिकवलेलं मास्तरला लागू नसतं, हा आमच्या खात्याचा जुनाच नियम आहे.

उपाय सगळे झाले. ओवा झाला, हिंग झाला, इसबगोल झालं, कोणीतरी शपथेवर सांगितलेलं काळं चूर्ण झालं. शेवटी यवतमाळला जाऊन दुर्बिणीची तपासणी केली. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, काहीही निघालं नाही. आतडं चिडकं आहे, बस." बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मालकावर गेलं." डॉक्टर हसले. मला मात्र दोघांचाही राग आला. एवढी नळी गिळून काहीच निघू नये म्हणजे काय?

गावात मात्र कोणाला पत्ता नव्हता. लग्न असो, तेरवी असो, शेतातली रोडग्यांची पंगत असो, मी बादली घेऊन वाढायला उभा. लोकांना वाटायचं, मास्तरला वाढायची फार हौस. वाढणाऱ्याला तू जेवलास का, असं कोणी विचारत नाही. सगळ्यांचं आटोपेपर्यंत मी सटकलेला असायचो. भर पंगतीतून पोट धरून उठण्यापेक्षा हे बरं. अशी किती जेवणं मी वाढली आणि एकही जेवलो नाही.

मग लेकीचं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे तिनेच ठरवलं. ती पुसदला दवाखान्यात नर्स होती, मुलगा तिथेच औषधाच्या दुकानात. मुलगा बंजारा समाजाचा, पुसदजवळच्या एका तांड्यावरचा. आईवडील शेती करणारे. सोयाबीन, तूर, थोडी हळद. आमच्या भाऊबंदांनी नाकं मुरडली. मी सगळ्यांशी भांडलो. "पोरगी सज्ञान हाय, पोरगा चांगला हाय, तुमाले काय करायचं?" असं भर बैठकीत बोललो आणि लग्न लावून दिलं. लेकीला माझा कोण अभिमान वाटला. पण खरं सांगायचं तर मी होकार तोंडाने दिला होता, पोटाने दिला नव्हता. त्या महिन्यात माझं वजन उतरलं, आणि मी ते उन्हावर ढकललं.

दिवाळीनंतर आम्ही दोघं पहिल्यांदा तांड्यावर गेलो. मारेगावहून पुसद म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं. यवतमाळला गाडी बदलायची. माझ्यासारख्याला तो प्रवास म्हणजे सत्त्वपरीक्षाच. मी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. पोहोचलो तर अंगण सारवलेलं, बाजेवर नवी चादर, आणि घरातून वांग्याच्या भाजीचा घमघमाट. इवाई, म्हणजे आमचे व्याही, स्वतः तांब्या घेऊन पुढे आले. "चला गुरुजी, हातपाय धुवा, ताट वाढून राह्यले."

तिखट भाजी, अनोळखी घर, आणि परसाकडं कुठं जायचं ते ठाऊक नाही. मी झटकन बोलून गेलो, "रागावू नका इवाई. आमच्यात नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी घेत नाही."

रीत जुनी आहे, खोटी नाही. माझ्या आज्याने ती पाळलेली. पण आता कोण पाळतं? आणि घाईत मी एक विसरलो, की रीत बापाला तशी आईलाही असते. बायकोने हातात घेतलेला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की बस. इवायांनी तांब्या बाजेखाली सरकवला. मग म्हणाले, "रीत हाय त हाय. मोडू नये." लेक दारात उभी होती. ती आत निघून गेली.

पुसदच्या स्टँडवर बायकोने कागदभर भजी घेतली आणि माझ्याकडे पाठ करून संपवली. बस सुटल्यावर तिने तोंड उघडलं. "तुमच्या पोटापायी माह्या पोटाले कायले उपास? विहीणबाई माह्या हाताले धरून आत नेत होती. मले लाज वाटली बाप्पा!" मी म्हणालो, "हळू बोल." ती म्हणाली, "हळू तुमीच बोलता. म्हणून त हे असं हाय."

पुढच्या खेपांना ती सोबत डबा घ्यायची आणि जाता-येता यवतमाळच्या स्टँडवर उघडायची. मला वाटलं, चला, सुटलो. ताकास तूर लागू दिली नाही म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

मग एका रविवारी लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? इथं बाया म्हणतात, मास्तर आपल्या घरचं खात नाही. तुमाले बाटते का?"

मी म्हणालो, "वेडी झाली का?" आणि फोन ठेवला. तिला पोटाचं सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य तोंडाशी आलं आणि मला कळलं की ते पुरतं खरं नाही. पोट दुखत होतंच. पण इवायांच्या अंगणात पाय ठेवताना दुसरंही काही आवळलं होतं, आणि त्याला पोटदुखी हे नाव सोयीचं होतं. भाऊबंदांना मी जे सुनावलं ते माझ्याच आत कुठेतरी बसलेलं होतं. ज्या माणसाने बैठकीत छाती काढून भाषण ठोकलं त्याच्याच पोटात हे निघावं! मला स्वतःची किळस आली. मी अंगणात जाऊन बसलो आणि रडलो. बायको आली, शेजारी बसली. मग मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं. तुमाले माहीत नव्हतं." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून गेली.

बरं होणं तिथून सुरू झालं, पण ते काही एका रात्रीत झालं नाही. यवतमाळच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो आणि या खेपेला त्यांचं ऐकलं. गोळ्या वेळेवर घेतल्या. खर्रा सोडला, ते दिवस आमच्या शाळेतल्या पोरांच्या कायमचे लक्षात राहतील. जेवायची वेळ ठरवली आणि बसून जेवू लागलो, पोरांच्याच ओळीत, मांडी घालून. पहिल्या दिवशी पहिलीतल्या एका पोरीने मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "गुर्जी, चावा न." मी चावलं. इतक्या वर्षांत मला खिचडीत जिरं असतं हे माहीतच नव्हतं.

संध्याकाळी गावच्या मारुतीच्या पारावर प्रार्थना होते. खंजिरीवर एक-दोन भजनं, आणि शेवटी थोडा वेळ सगळे डोळे मिटून गप्प बसतात. मी पूर्वी भजनं संपताच चप्पल शोधायचो. त्या शांततेत माझं पोट एखाद्या जुन्या मोटारपंपासारखं गुरगुरायचं म्हणून. आता ठरवून बसू लागलो. गुरगुरलं. दोघं-तिघं फिसकन हसले. मीही हसलो, आणि काहीही झालं नाही, आभाळ कोसळलं नाही. रोज बसता बसता एक दिसू लागलं, की पोट आवळतं ते खाण्याने कमी आणि भिण्याने जास्त. आज कोण काय म्हणेल, वर्गातून पळावं लागलं तर, भाऊबंद काय बोलतील, लेक काय समजेल. भीती आली की मी तिला पाहायचो, ती थोडा वेळ बसायची आणि निघून जायची. देव कसा असतो मला अजून ठाऊक नाही, पण त्या पारावर मला माझी लाज वाटेनाशी झाली. मी तेवढ्याला कृपा म्हणतो. मधे बिघडलोही. एकदा लग्नात कोणाच्या तरी आग्रहाला बळी पडून जिलेबी हाणली आणि आठवडा काढला. पण आता बिघडलो तर बिघडलो म्हणून सांगत होतो.

पुढच्या वर्षी लेक बाळंतपणाला माहेरी आली. बाप मांडी घालून, बोलत बोलत जेवतो हे तिने पहिल्यांदा पाहिलं. नात झाली. नातीच्या पाचवीनंतर एका दुपारी लेक पाळण्याजवळ बसली होती, तेव्हा मी तिला दोन्ही सांगितलं. पोटाचंही आणि पोटातलंही. ती बराच वेळ पाळण्याची दोरी ओढत राहिली. मग म्हणाली, "मंग तेव्हाच काहून नाही सांगितलं? मी किती रडली, माहीत हाय?" मी म्हणालो, "भेलो होतो." ती म्हणाली, "मास्तर असून?" आणि ती हसली, पण डोळे भरलेले होते. मला वाटलं, एवढ्यावर सुटलो. पण ती म्हणाली, "मले सांगून काय होते? तिकडे येऊन जेवा."

बारशाला इवाई आणि विहीणबाई आमच्याकडे आले. आमच्या घरचं दोन घास जास्तच खाऊन, नाव ठेवून, समाधानाने गेले. मला त्यांच्याकडे धड पाहवेना.

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा माय-लेकींना पोचवायला आम्ही दोघं निघालो. या खेपेला बायकोने डबा घेतला नाही. तांड्यावर पोचलो, बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि इवाई काही म्हणायच्या आत मीच म्हणालो, "इवाई, भूक लागली. वाढा." आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, की माझं पोट नाजूक आहे, ती रीत मी लपायला पुढे केली होती, आणि मनातही थोडी अडी होती. ती आता नाही. "तुमची माफी मागतो," म्हणालो. इवाई पागोट्याच्या शेवाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "बसा गुरुजी. तिखट कमी करायले सांगतो."

विहीणबाई आतून ताट घेऊन आल्या. नवं कोरं स्टीलचं ताट, दोन वाट्या, पेला. ताटाच्या कडेला कंपनीचा कागदी शिक्का अजून चिकटलेला. बाकीची ताटं रोजची, वापरून मऊ झालेली.

मी सहज विचारलं, "माह्यापुरतंच नवं काहून?"

विहीणबाई पदर सारखा करत उभ्या राहिल्या. लेक खाली पाहत म्हणाली, "बाबा, तुमी लग्नानंतर पहिल्यांदा आलते न, त्याच्या आदल्या दिवशी सासूबाईनं पुसदहून आणलं हे. गुरुजीले आपलं ताट चालन का नाही चालन म्हणे. तवापासून दर खेपेले पुसून काढते, अन् परत कपाटात ठेवते."

म्हणजे मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी माझं ओळखलं होतं. ओळखून रागावले नव्हते. माझी सोय करून ठेवली होती. मी न जेवता परत जात होतो आणि ही बाई दर खेपेला ते ताट पुसून पुन्हा कपाटात ठेवत होती.

मी ताट उचलून बाजूला ठेवलं आणि इवायांच्या पुढ्यातलं, काठाला पोचा आलेलं ताट स्वतःकडे ओढलं. "मले हे द्या," एवढंच म्हणालो. विहीणबाई ते नवं ताट परत न्यायला वाकल्या, तर बायकोने त्यांचा हात धरला. "राहू द्या विहीणबाई, मी जेवते त्याच्यात. आणि तुमी बसा माह्यासंगं. वाढतील हे, वाढायची लय सवय हाय त्याईले." इवाई मोठ्याने हसले. विहीणबाई बसल्या, एका ताटात दोघी.

मी जेवलो. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वांग्याची भाजी. भाजी बेताचीच तिखट होती आणि मला नाकातून पाणी येत होतं; तिखटाने, असं मी सांगितलं. लेक बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत माझ्यासमोर उभी होती. ताट संपत आलं तेव्हा मी तिला म्हणालो, "अर्धी भाकर वाढ."

तिने पूर्ण वाढली, आणि मी ती खाल्ली.